ऑफिसचा पीसी उघडून साफ करताना

जमिनीवर ठेवलेला सीपीयू केर काढताना उडणारी सगळी धूळ ओढून घेतो. आधी तो टेबलावर घ्या, मागे चार बोटं जागा सोडा.

साफसफाई दर ६ महिन्यांनी. ऑफिस रस्त्यालगत असेल तर ३. प्लग काढा, पॉवर बटण १० सेकंद दाबून धरा, मग झाकण उघडा. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. मोकळं सोडलं तर ते भलत्याच वेगाने फिरतं आणि बेअरिंग जातं. खरी धूळ पंख्याखाली, हीटसिंकच्या (प्रोसेसर थंड ठेवणारा धातूचा ठोकळा) फटींत गोधडीसारखी बसलेली असते. वरवर फुंकून ती हलत नाही. पंखा सोडवून मऊ ब्रशने काढा. हीटसिंक उचललाच तर प्रोसेसरवरची जुनी थर्मल पेस्ट (उष्णता हीटसिंककडे नेणारी) आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नवी वाटाण्याएवढी लावा. एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) मात्र उघडू नका, प्लग काढल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये चार्ज उरतो.

तारीख-वेळ रोज मागे जात असेल तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल बदला. यूपीएसला लेझर प्रिंटर जोडू नका: त्याचा फ्यूजर (टोनर कागदावर वितळवून चिकटवणारा भाग) तापताना एकदम लोड घेतो, यूपीएस बंद पडतो आणि शिव्या पीसीला बसतात.