कोरियन गाणं शिकायचंय? आधी देवनागरीत उतरवून घ्या

अंबडच्या कारखान्यात मी क्वालिटीला आहे. महिनाअखेर, डिस्पॅचची घाई, त्यात ऑडिट. घरी येईपर्यंत डोकं बधिर झालेलं असतं. तेव्हा 'ओक्सांग दालबित' या दोघींच्या जोडीचं २०११ मधलं 'सुगोहेस्सॉ, ओनुल्दो' लावते. दिवसभर राबून आलेल्या माणसाची विचारपूस करणारं गाणं आहे, उपदेश अजिबात नाही. सिडकोतल्या आमच्या गच्चीवर गिटार घेऊन बसणाऱ्या मुलांना ते शिकायचंय, म्हणून हे लिहितेय.

नेटवर मिळणारे इंग्रजी अक्षरांतले बोल बाजूला ठेवा. 'eo' आणि 'eu' वाचून आपली जीभ भलतीकडेच जाते. त्यापेक्षा हांगुल ही कोरियन लिपीच शिका. राजा सेजोंगच्या काळात १४४३ मध्ये ती तयार झाली, १४४६ मध्ये जाहीर झाली. आज वापरात असलेली पायाभूत व्यंजनं १४, स्वर १०. काही व्यंजनांचा आकार तर जीभ-ओठांच्या ठेवणीवरूनच घेतलाय, त्यामुळे कंठ्य-तालव्य घोकलेल्या आपल्या लोकांना ती पटकन उमजते.

मग गाणं तुकड्यातुकड्याने ऐका आणि कानाला येईल तसं देवनागरीत लिहा. ख, थ, फ, छ आपल्याकडे आयते आहेत. इंग्रजीवाल्यांना तिथेच घाम फुटतो. 'उ' दोन प्रकारचा आहे. 'सुगो'मधला आपलाच, 'ओनुल'मधला मात्र ओठ 'ई'सारखे ताणून म्हणायचा. आरशासमोर करा, घरचे हसतील, हसू द्या. 'ऑ' म्हणताना ओठ फार गोल करू नका. एकच अक्षर दोन स्वरांमध्ये 'र' आणि शब्दाच्या शेवटी 'ल' होतं, म्हणून 'ओनुल' हा 'ल'वरच थांबतो.

खरी गंमत जोडाक्षरांची. लिहिताना 'हेस्स' आणि 'ऑ' वेगळे, पण गाताना 'स्स' उडी मारून पुढच्या स्वराला चिकटतो: हे-स्सॉ. संधी शिकलेल्या माणसाला हे सांगावं लागू नये. उलट 'दालबित'च्या शेवटी लिहिलेलं असतं 'छ', म्हणायचा 'त्', तोही अर्धवट: जीभ दाताशी टेकवा आणि तिथेच थांबा, हवा सोडू नका.

श्वास कुठे घ्यायचा? कोरियनमध्येही मराठीसारखं क्रियापद शेवटी येतं. 'यो', 'ऑ', 'दा' असं काही कानावर आलं की बहुतेक वेळा वाक्य संपलेलं असतं; श्वास तिथे घ्या, मध्येच तोडू नका.

आवाज चढवू नका. सोलच्या होंगदे भागातल्या छोट्या क्लबांमधून हा इंडी, म्हणजे मोठ्या कंपन्यांच्या बाहेरचा, स्वतंत्र गाण्यांचा प्रकार वाढला. स्टेडियम गाजवायला तो नाही. समोर बसलेल्या मैत्रिणीशी बोलताना लागतो तेवढाच आवाज पुरे. हरकती-मुरक्यांची सवय असेल तर ती आवरा, माझ्या मते त्याने हे गाणं बिघडतं. मुलांना पट्टी उंच वाटली तर कॅपो (गिटारच्या दांड्यावरचा सूर चढवणारा चिमटा) काढून खालच्या सुरात घ्या. आणि बुधवारी गच्चीवर येताना आपापली वही आणा, मोबाईलवर बघून गायचं नाही.