शंका आली, तर पोलिसांना नेमकं काय सांगायचं?

काही वर्षांपूर्वी, मे महिन्यातल्या एका दुपारी, मी बाहेर जायला दार ओढलं तर उघडेना. बाहेरून कडी! पोरांचा चावटपणा असेल म्हणून समोरच्या काकूंना फोन केला, तर त्यांचंही दार बाहेरून बंद. तिसऱ्या फ्लॅटमधले लग्नाला गावी गेलेले. मी खिडकीतून वॉचमनला हाका मारत बसलो आणि 112, म्हणजे पोलिसांचा तातडीचा नंबर, लावला तो अर्ध्या तासानं. तोवर तिसऱ्या घराचा कोयंडा तुटला होता, कपाट रिकामं झालं होतं. बंद घर फोडण्याआधी शेजाऱ्यांच्या दारांना कड्या घालायच्या, ही घरफोड्यांची जुनी रीत. ती मला त्या दिवशी कळली.

आधी बघायचं काय, ते ठरवा

माणूस बघू नका, तो काय करतोय ते बघा. अनोळखी चेहरा, मळके कपडे, परकी भाषा यातलं काहीच संशयास्पद नाही. एकच माणूस कुलूप लावलेल्या तीन घरांची बेल वाजवून थांबतोय, कुणी दार उघडलंच तर "इथे पाटील राहतात का?" विचारून निघतोय, हे संशयास्पद आहे. नंबरप्लेटवर चिखल फासलेली किंवा कापड बांधलेली बाइक, सकाळी फिरायला निघालेल्या बायकांच्या मागेमागे हळू चालणारी दुचाकी, रात्री बंद दुकानाच्या शटरपाशी उभी, इंजिन चालू असलेली गाडी, हेही त्यातलंच.

दोन जुन्या युक्त्या घरातल्या वडीलधाऱ्यांना आवर्जून सांगून ठेवा. "आम्ही पोलीस आहोत, पुढे चोरी झालीय, दागिने काढून रुमालात बांधा" म्हणणारा पोलीस नसतो. आणि दारावर येऊन सोन्याला पॉलिश करून देणारा पॉलिशवाला नसतो.

बेवारस बॅग दिसली तर हात लावू नका, उघडून बघू नका, लोकांना लांब करा आणि फोन लावा. 13 फेब्रुवारी 2010 ला पुण्याच्या जर्मन बेकरीत बॅगेतलाच बॉम्ब फुटला आणि 17 जण गेले.

मग टिपून घ्या

डोक्यात ठेवू नका, दहा मिनिटांत सगळं बदलतं. हाताशी असेल त्या कागदावर, अगदी दुधाच्या बिलामागे, वेळ, जागा, किती जण, अंगावर काय, गाडीचा रंग आणि कुठल्या दिशेनं गेले एवढं लिहा. नंबर पूर्ण मिळाला नाही तर शेवटचे चार आकडेसुद्धा चालतात. शर्ट बदलता येतो, चप्पल-बूट आणि चालण्याची ढब सहसा तीच राहते. तिकडे लक्ष द्या. फोटो घरातूनच काढता आला तर काढा, त्यासाठी खाली उतरू नका.

फोन कुठे करायचा

आत्ता घडतंय तर 112. कालपासून चाललंय, रोज चाललंय, तर आपल्या हद्दीच्या पोलीस ठाण्याचा नंबर, नाहीतर बीट अंमलदार, म्हणजे आपला भाग नेमून दिलेला पोलीस. त्यांचा मोबाइल नंबर आधीच विचारून जिन्यात लावून ठेवा. गावात असाल तर पोलीस पाटील जवळचे. ऑनलाइन पैसे गेले असतील तर 1930, तासाभराचाही उशीर न करता.

112 बद्दल एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. महाराष्ट्रातून लावलेला हा फोन तुमच्या ठाण्यात वाजत नाही. तो नवी मुंबईच्या किंवा नागपूरच्या केंद्रात उचलला जातो आणि तिथून तुमच्या भागातल्या गाडीला निरोप जातो. म्हणून "मारुतीच्या देवळामागे या" एवढ्यावर भागत नाही. समोरच्याला तुमचं गाव माहीत नाही असं धरून बोला. शहर किंवा तालुका, भाग, रस्ता, मग खूण:

"डोंबिवली पूर्व, अमुक रस्ता, अमुक सोसायटी, बी विंग. दुसऱ्या मजल्यावर दोन माणसं बंद फ्लॅटचं कुलूप पहारीनं उचकटतायत. आवाज आत्ता येतोय. एकाच्या अंगात निळं जर्किन. खाली लाल स्कूटर उभी आहे."

बास. "चोर आहेत", "अमक्या समाजाचे वाटतात" हे तुमचे निष्कर्ष, ते गाळा. डोळ्यांनी पाहिलं, कानांनी ऐकलं तेवढंच सांगा. फोन तुम्ही आधी ठेवू नका, आणि नंतर येणारा अनोळखी नंबर उचला. बहुधा गाडीवरचा पोलीस पत्ता विचारत असतो. नाव गुप्त ठेवा, असंही सांगता येतं.

खरं वाटून केलेला फोन चुकीचा निघाला तर घाबरायचं कारण नाही. कुणाला त्रास द्यायला मुद्दाम खोटं कळवलं तर मात्र भारतीय न्याय संहितेच्या कलम 217 खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा 10 हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

आणि हे अजिबात करू नका

संशयिताचा फोटो व्हॉट्सॲपवर "सावधान, मुलं पळवणारी टोळी" म्हणून फिरवू नका. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, आठवडी बाजाराच्या दिवशी, याच अफवेपायी जमावानं पाच जणांना ठेचून मारलं. ते भिक्षुकीवर जगणारे नाथपंथी डवरी गोसावी होते, मंगळवेढ्याकडून आलेले. त्यांनी कुणाचंही मूल पळवलं नव्हतं. संशयिताला अडवणं, बांधून ठेवणं, "जरा समज देणं" यातलं काहीही आपलं काम नाही.

पोलीस येऊन गेल्यावर

सीसीटीव्हीचं फुटेज लगेच पेनड्राइव्हवर घ्या. डीव्हीआरवरचं, म्हणजे कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणाऱ्या डब्यातलं, जुनं रेकॉर्डिंग काही दिवसांत आपोआप पुसलं जातं. त्याचं घड्याळही तपासा. आमचं चाळीस मिनिटं पुढे होतं आणि त्यापायी पोलिसांची आणि आमची एक अख्खी दुपार भलतंच बघण्यात गेली. लेखी अर्ज दिलात तर दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यानिशी पोच घ्या. दखलपात्र गुन्हा, म्हणजे ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा (घरफोडीसारखा), घडलेला असेल तर हद्द कुठलीही असो, कोणत्याही ठाण्यात एफआयआर नोंदवता येतो आणि फिर्याद देणाऱ्याला त्याची प्रत फुकट मिळते. जबाब दिलात तर सही करण्याआधी वाचा. वेळ चुकली असेल तर तिथेच दुरुस्त करून घ्या.

आमच्या मजल्यावरच्या तिन्ही दारांच्या बाहेरच्या कड्या आता काढून टाकल्यात. सुताराला अर्धा तास लागला.