लघवीची घाई झाली की पळू नका, थांबा

शहापुरात फिजिओथेरपी करते मी. वडगावच्या यंत्रमागांवर काम करणाऱ्या बायका माझ्याकडे कंबर दाखवायला येतात आणि जाता जाता हळूच म्हणतात, "ताई, लघवी लागली की धरवतच नाही. म्हणून पाणीच पीत नाही." पहिल्यांदा हे बंद करा. पाणी कमी पडलं की लघवी घट्ट होते, मूत्राशयाला झोंबते आणि घाई उलट वाढते. दिवसभरात दीड ते दोन लिटर प्या, झोपायच्या दोन-तीन तास आधी हात आखडता घ्या. हृदयाचं किंवा किडनीचं दुखणं असेल तर डॉक्टर सांगतील तेवढंच.

जळजळ, रक्त, ताप, लघवी तुंबणं किंवा अंग बाहेर आल्यासारखं वाटत असेल, तर आधी दवाखाना गाठा. लघवीची आणि साखरेची तपासणी तर प्रत्येकीनेच करून घ्यावी.

मग तीन दिवस वहीत लिहा: कधी गेले, काय प्याले, कधी गळली. दर तासाला जावं लागत असेल तर सव्वा तासाची वेळ ठरवा. आठवडाभर जमलं की आणखी पंधरा मिनिटं वाढवा, असं करत तीन तासांपर्यंत पोचायचं. हे फक्त जागेपणी, रात्री गजर लावू नका. "बाजारला निघालेच आहे तर जाऊन येते" ही सवयही सोडा, कारण त्याने थोडं भरलं की रिकामं व्हायची सवय मूत्राशयाला लागते. लांबच्या बसआधी जरूर जा.

वेळेआधी कळ आली तर? पुष्कळजणींना दाराला किल्ली लावताना किंवा नळाचा आवाज ऐकला की येते. तेव्हा पळालात तर गळणारच. जागच्या जागी उभ्या राहा, जमलं तर बसा. खालचे स्नायू पटपट पाच-सहा वेळा आवळून सोडा, श्वास चालू ठेवा, मनात शंभरपासून उलटे अंक मोजा. कळ लाटेसारखी चढते तशी ओसरते. ओसरली की सावकाश चालत जा.

हे स्नायू म्हणजे चारचौघांत वायू सुटू नये म्हणून आपण आवळतो तेच. आडवं पडून सुरुवात करा. पाच सेकंद आवळा, तेवढेच सेकंद सैल सोडा, असं आठ-दहा वेळा, दिवसातून तीनदा. हळूहळू दहा सेकंदांपर्यंत न्या. पोट, मांड्या, ढुंगण ताठ होता कामा नये. लघवी अर्ध्यात रोखून हा व्यायाम कधीच करू नका. फरक जाणवायला तीन महिने लागू शकतात, तोवर सोडू नका बाई.

चहा एकदम तोडलात तर डोकं धरेल, म्हणून हळूहळू एकेक कप कमी करा. कोऱ्या चहाने काम भागत नाही, त्यातही कॅफिन असतंच. पोट साफ राहू द्या: भाकरी, पालेभाजी, उसळ. भरलेलं आतडं मूत्राशयावर दाबतं. वजन जास्त असेल तर थोडं उतरलं तरी गळणं कमी होतं.

तीन महिने मनापासून करूनही फरक नाही, तर स्त्रीरोग किंवा मूत्ररोगतज्ज्ञांकडे जा आणि ती वही सोबत न्या.