गाडीची चावी हरवायच्या आधी आणि हरवल्यावर काय काय तयार ठेवायचं

पहिलं काम आजच करा, कपाटातली दुसरी चावी शोधून काढा. नुसती आहे का बघून परत ठेवू नका, खाली जाऊन तिने गाडी चालू करून बघा, कारण बऱ्याच घरात ती चावी गाडी घेतल्या दिवसापासून पाकिटातच पडून असते. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे, कारण एक चावी हातात असताना दुसरी बनवणं आणि एकही चावी नसताना नवी बनवणं ही दोन पार वेगळी कामं आहेत, खर्चानेही आणि मनस्तापानेही.

का ते आधी समजून घ्या. पूर्वीच्या गाड्यांची चावी म्हणजे नुसतं पातं, चावीवाला बसल्या बसल्या डुप्लिकेट करून द्यायचा. आताच्या गाड्यांत इमोबिलायझर असतो, म्हणजे चावीच्या प्लास्टिकच्या मुठीत तांदळाच्या दाण्याएवढी चिप असते, तिला स्वतःचा सेल लागत नाही. इग्निशनच्या कुलपाभोवती तारेची कॉइल असते, चावी फिरवली की त्या कॉइलमधून बहुतेक गाड्यांत १२५ किलोहर्ट्झच्या आसपासच्या लहरी निघतात, त्यावरच चिप जागी होते आणि आपली ओळख सांगते, ती पटली तरच इंजिन चालू राहतं. त्यामुळे हुबेहूब पातं कापून आणलं तर दार उघडेल, पण इंजिन एकतर लागणारच नाही किंवा सेकंदभर लागून बंद पडेल आणि डॅशबोर्डवर चावीचं नाहीतर कुलपाचं चिन्ह लुकलुकत राहील. असं झालं तर माणसं जमवून धक्का स्टार्ट करत बसू नका, काही उपयोग नाही.

दार उघडायचं रिमोटचं बटण हा वेगळा भाग आहे, त्याला सेल लागतो आणि आपल्याकडे ते साधारण ४३३ मेगाहर्ट्झवर चालतं. त्यामुळे कितीतरी वेळा चावी "बिघडली" म्हणून लोक घाबरतात आणि प्रत्यक्षात सीआर २०३२ सारखा एक बटणसेल संपलेला असतो. पुश बटण गाडी असेल तर स्मार्ट कीच्या, म्हणजे खिशात ठेवूनच गाडी चालू करायच्या चावीच्या, पोटात एक छोटं पातं लपवलेलं असतं, ते कसं बाहेर काढायचं आणि ड्रायव्हरच्या दाराच्या हँडलवर त्याचं भोक कुठे आहे हे आत्ताच शोधून ठेवा, काही मॉडेलमध्ये त्यावर टोपी असते. आणि सेल संपला असेल तर बऱ्याच गाड्यांत चावी स्टार्ट बटणाला टेकवून ब्रेक दाबला की गाडी चालू होते, नेमकी जागा मॅन्युअलमध्ये दिलेली असते.

आता कागद. नवीन गाडीबरोबर बहुतेक वेळा चावीच्या जुडग्याला एक छोटा टॅग येतो, त्यावर चावीचा नंबर असतो, आणि तो टॅग आपण कौतुकाने चावीलाच अडकवून ठेवतो! तो आजच काढा, फोटो घ्या आणि फाइलमध्ये ठेवा, कारण त्या नंबरावरून पातं नव्याने कापता येतं, आणि चावीबरोबर तोही गेला तर सापडणाऱ्याचीच सोय होते. काही गाड्यांना इमोबिलायझरचा पिनकोड लिहिलेलं कार्ड मिळतं, तेही तिथेच, गाडीच्या ग्लोव्हबॉक्समध्ये अजिबात नाही. बाकी आरसी, आधार किंवा लायसन्स, इन्शुरन्स पॉलिसी यांच्या झेरॉक्स एकत्र करून ठेवा, आरसी डिजिलॉकरमध्येही घेऊन ठेवा. १७ अक्षरांचा चासी नंबर मोबाइलमध्ये लिहून ठेवा, लिहिताना शून्य आणि ओ मध्ये घोळ होतो पण त्या नंबरात ओ, आय आणि क्यू ही अक्षरं येतच नाहीत, म्हणजे शून्यच धरायचं. पॉलिसीत चावीचं ॲडऑन कव्हर आहे का ते रिन्युअलच्या आधी बघा, नुसत्या थर्ड पार्टीत ते मिळत नाही.

चावी खरंच हरवली तर आधी पोलिसांत नोंद करा, हरवली असेल तर गहाळ झाल्याची आणि चोरीला गेली असेल तर चोरीची, यात आळस नको. उद्या देव न करो गाडीच चोरीला गेली तर इन्शुरन्सवाले दोन्ही चाव्या मागतात, आणि एक का नाही याचं उत्तर म्हणजे हा कागद. मग सर्व्हिस सेंटरला फोन करा आणि जायच्या आधीच विचारून घ्या की चावी स्टॉकमध्ये आहे का मागवावी लागेल, कोडिंगचे, म्हणजे नवी चावी गाडीच्या सिस्टीममध्ये नोंदवायचे, पैसे वेगळे आहेत का, आणि गाडी तिकडे न्यावीच लागेल का. न्यावी लागणार असेल तर टोइंगवाल्याला आधीच सांगा की चावी नाही, स्टीअरिंग लॉक आहे, ऑटोमॅटिक असेल तर पी मध्ये आहे, म्हणजे तो फ्लॅटबेड, म्हणजे गाडी वर चढवून नेणारा ट्रक, घेऊन येईल, नाहीतर चाकं घासत ओढतील.

कोकणात वगैरे गेलात आणि चावी समुद्राच्या पाण्यात पडून सापडली, तर लगेच सेल काढा, गोड्या पाण्याने धुवा, पूर्ण वाळू द्या. रिमोट गेला तरी आतली चिप काचेत सील केलेली असेल तर गाडी चालू होऊ शकते.

बाहेरच्या चावीवाल्याकडून करून घ्यायला माझी हरकत नाही, यातले काही लोक खरंच हुशार असतात, स्टीअरिंगखालच्या ओबीडी पोर्टला, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायच्या सॉकेटला, मशीन लावून समोर कोडिंग करून देतात. पण तुमच्या डोळ्यांसमोर आणि बिल घेऊनच करून घ्या, आणि तुमची आरसी न बघता काम करायला तयार होणाऱ्याकडे जाऊच नका, तो दुसऱ्या कोणालाही तुमच्या गाडीची चावी बनवून देईल.

वर्कशॉपला जाताना शिल्लक असलेली चावी घरी विसरू नका. हरवलेली चावी सिस्टीममधून काढून टाकायला सांगा, त्यात बऱ्याच गाड्यांत सगळ्याच चाव्या पुसून हजर असतील तेवढ्याच परत नोंदवतात. ती पुसली की हरवलेल्या चावीने गाडी चालू होणार नाही, पण पात्याने दार मात्र उघडेल, म्हणून चावी चोरीला गेली असेल आणि तुमचा पत्ता माहीत असलेल्या कोणावर संशय असेल तर लॉकसेटच, म्हणजे गाडीची सगळी कुलपंच, बदला, महाग पडतं तरी.

चिप म्हणजे अभेद्य असंही समजू नका. २००५ मध्येच अमेरिकेतल्या संशोधकांनी तेव्हा लाखो चाव्यांत असलेल्या एका चिपचा ४० बिटचा गुप्त कोड फोडून दाखवला होता. कीलेस गाड्यांना तर चावी घरात असतानाच तिचा सिग्नल यंत्राने लांबवून दार उघडायचा धोका असतो, तेव्हा चावी दाराजवळच्या खिळ्याला टांगू नका, आत ठेवा, सिग्नल अडवणारं पाकीट मिळतं ते घ्या, आणि गिअर लॉक लावा.

सेकंड हँड गाडी घेत असाल तर दोन्ही चाव्या हातात पडल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका, आणि स्कॅनर लावून सिस्टीममध्ये किती चाव्या नोंदवल्यात ते बघायला सांगा, बऱ्याच मॉडेलमध्ये तो आकडा दिसतो. हातात दोन आणि नोंद तीनची निघाली तर तिसरी त्याच दिवशी पुसून घ्या.