गाय कधी मेली, ते आधी विचारा

पशुवैद्यकीय पॅथॉलॉजीकडे वळणाऱ्या मुलामुलींचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "वासाची सवय होते का?" होते. ती काळजी सोडा. सवय लागत नाही ती गप्प राहायची. समोर जनावर उघडं पडलेलं असतं, मालक डोक्याशी उभा असतो आणि विचारतो, "मॅडम, कशानं गेली?" मला ती सवय उशिरा लागली. तोवर दोन घरांचं बोलणं बंद झालं होतं.

नोकरीचं पहिलंच वर्ष. दुभती गाय रात्रीत मेलेली, मी पोहोचेपर्यंत दुपार कललेली. पोट ढोलासारखं तट्ट. कोटीपोट, म्हणजे चारा आंबवणारा पोटाचा सगळ्यात मोठा कप्पा, उघडून चारा बाजूला सारला, तर आतलं करडं अस्तर भिजल्या कागदासारखं हातमोज्याला चिकटून निघून आलं. यकृताच्या आतड्याला टेकलेल्या कडेवर हिरवट-काळा डाग. मला वाटलं, सापडलं! जाळणारं विष. आणि मी ते तिथल्या तिथे बोलून मोकळी झाले. मालकांनी ऐकून घेतलं आणि मान वळवून शेजारच्या गोठ्याकडे पाहिलं.

अहवाल वरिष्ठांकडे गेला. त्यांनी एवढंच विचारलं, "मरून किती तास झाले होते?" तो रकाना मी कोरा सोडला होता.

हे सगळं तुम्ही वाचलंय, ठाऊक आहे. मीही वाचलं होतं, परीक्षेत लिहून मार्कही मिळवले होते. तरी सांगते, कारण पुस्तकात ते 'मरणोत्तर बदल' अशा शहाण्या मथळ्याखाली येतं आणि टेबलावर मथळा नसतो. गाय मेली म्हणून तिचं कोटीपोट थांबत नाही. आतले जंतू चारा आंबवतच राहतात, वायू साठतो, उष्णता निघत राहते. बाहेरून अंग गार लागतं तेव्हाही आत भट्टी चालू असते. त्यामुळे अस्तर काही तासांतच सुटतं, त्याला विष लागत नाही. उलट बऱ्याच तासांनंतरही ते घट्ट चिकटलेलं दिसलं तर कान टवकारा. हिरवट-काळा डाग म्हणजे आतड्यातल्या जंतूंचा हायड्रोजन सल्फाइड आणि रक्तातलं लोह यांची भेट. पित्ताशयाला लागून असलेला भाग पित्त झिरपून हिरवा-पिवळा होतो. जनावर ज्या कुशीवर पडलं त्या बाजूचं फुफ्फुस गडद दिसतं, कारण रक्त खाली उतरतं. यातला एकही आजार नाही.

आणि फुगलेलं पोट? मेल्यावरही फुगतं. जिवंतपणी फुगून गुदमरली असेल तर अन्ननलिका लांबीने चिरून बघा. मानेतला भाग लालभडक, छातीतला फिकट, मधे बऱ्यापैकी स्पष्ट रेषा. मी चिरलीच नव्हती. त्याहून लाजिरवाणं म्हणजे विषाचा संशय घेऊनही मी अवयवांचे सगळे तुकडे फॉर्मॅलिनच्या, म्हणजे ते सडू नयेत म्हणून वापरतात त्या द्रावणाच्या, बरणीत टाकले होते. विषतपासणीला पोटातला चारा, यकृत, मूत्रपिंड हे फॉर्मॅलिन न लावता, वेगवेगळ्या डब्यांत, थंड ठेवून पाठवावं लागतं. ती गाय कशाने मेली, हे कधीच कळलं नाही. मी परत जाऊन मालकांना तसं सांगितलं. ते म्हणाले, "आता सांगताय होय?"

बरणीबद्दलही ऐका. तुकडा अर्ध्या सेंटिमीटरच्या आसपास जाड, फॉर्मॅलिन त्याच्या दहापट. अख्खी मूठभर प्लीहा कोंबलीत तर बाहेरून टणक आणि आतून सडलेली मिळते. हिस्टोचा, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली पेशी पाहायचा, तुकडा फ्रीझरमध्ये कधीच नाही, बर्फाचे स्फटिक पेशी फाडतात. अचानक मेलेल्या जनावराच्या नाका-गुदातून न गोठलेलं रक्त येत असेल तर सुरी खालीच ठेवा. फाशीचा, म्हणजे अँथ्रॅक्सचा, संशय असताना शव उघडलं की जंतूंना हवा मिळते, बीजाणू तयार होतात आणि ते मातीत वर्षानुवर्षं टिकतात. आधी कानाच्या शिरेतल्या रक्ताचा स्मिअर, म्हणजे काचपट्टीवर पसरलेला थेंब, जंतू दिसतात का ते बघायला. इथे धाडस दाखवायचं नाही, अजिबात नाही.

माझं एक मत आहे, पटलं तर घ्या. दारातूनच आजाराचं नाव सांगणारे सर वर्गात रंगतात, पण त्यांच्याकडून शिकू नका. शवविच्छेदन कक्षातला जुना मदतनीस धरा. त्याने निरोगी अवयव तुमच्यापेक्षा कितीतरी जास्त पाहिलेत. मोबाइलवरच्या फोटोशी डाग जुळवायची खोड तर मोडूनच टाका. फोटोत निवडक विकृती असते, कंटाळवाणं 'नॉर्मल' नसतं.

त्या कंटाळवाण्याची किंमत गिधाडांनी दाखवली. भारतीय उपखंडात ती झपाट्याने संपत होती, संशय कुठल्यातरी विषाणूवर होता. पाकिस्तानात मेलेली गिधाडं उघडली तेव्हा अनेकांच्या अवयवांवर खडूसारखा पांढरा थर होता, युरिक आम्लाचा. २००४ साली छापून आलेल्या त्या अभ्यासात असा थर असलेल्या २५ पक्ष्यांची मूत्रपिंडं तपासली, सगळ्यांत डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक सापडलं. पण मला भिडतात ते उरलेले १३. थर नसलेले, दुसऱ्याच कारणांनी मेलेले. तेही तितक्याच निगुतीने तपासले गेले आणि एकातही औषध नव्हतं. ते १३ नसते तर २५ ची खात्री पटली नसती. गुरांना दिलेलं हे औषध त्यांच्या शवातून गिधाडांत जात होतं. २००६ मध्ये भारत, नेपाळ आणि पाकिस्तानने पशुवैद्यकीय वापरासाठी त्याच्यावर बंदी आणली.

चुका होतील, घाबरू नका. 'मरणोत्तर बदलांमुळे निश्चित निदान शक्य नाही' हेही निदानच आहे, ते लिहिताना हात थरथरू देऊ नका. आणि मृत्यूची वेळ मालकाला सांगता आली नाही तर रकाना कोरा सोडू नका. जनावराला शेवटचं उभं कोणी पाहिलं, तेव्हा ते चरत होतं का, रात्री गारवा होता की उकाडा, हे विचारा आणि त्याच्याच शब्दांत लिहा. सुरी त्यानंतर.