भराव एकीकडे, गाळ दुसरीकडे

गोव्यातल्या मांडवी-जुवारी नद्यांच्या खाड्यांवर प्रबंध करायला आलेली मुलं बहुधा नकाशावर काठच्या भरावाची कड आखतात आणि तिच्याभोवतीच नमुने घ्यायचं ठरवतात. तसं करू नका. कडेला काय होतं ते डोळ्यांनाच दिसतं. बदल होतो तो मैलभर लांब, नदीच्या मुखाशी.

हिशोब साधा आहे. एक चौरस किलोमीटर चिखलपट्टी उधाणाला सरासरी मीटरभर पाण्याखाली जात असेल, तर तिच्यावर भराव टाकल्यावर उधाणाच्या दर भरतीला दहा लाख घनमीटर पाणी आत येत नाही. जे आत येत नाही ते ओहोटीला बाहेरही पडत नाही. मुखाची खोली या ये-जा करणाऱ्या पाण्यावरच टिकते. ओहोटी कमजोर झाली की तिथे वाळूचा बार, म्हणजे पाण्याखालचा उंचवटा, वाढू लागतो.

आता खरा सापळा. माझं बरंच काम इथेच अडून पडलं होतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो. संगणकावरच्या मॉडेलमधली पाण्याची पातळी मुरगाव बंदराच्या भरतीच्या नोंदींशी छान जुळते, आलेख एकावर एक बसतात, गाइड खूश होतात. पण पातळी जुळली म्हणजे गाळ जुळला असं नाही. गाळाची वाहतूक वेगाच्या साधारण तिसऱ्या घाताने वाढते, कधी त्याहूनही जास्त. भरतीचा कमाल वेग सेकंदाला एक मीटर आणि ओहोटीचा ०.९ असेल, तर वेगातला फरक दहा टक्के, पण वाहून नेण्याच्या ताकदीतला सत्तावीस टक्के. गाळ आत साचणार की बाहेर जाणार हे या फरकावर ठरतं. पातळीच्या आलेखात तो काही सेंटिमीटरांत दडलेला असतो आणि नजरेतून सुटतो. म्हणून भरतीच्या नोंदीतून एम-दोन या सुमारे साडेबारा तासांच्या मुख्य घटकासोबत सुमारे सहा तासांचा एम-चार घटकही वेगळा काढा, त्याची कला (एम-दोनच्या तुलनेत तो किती पुढे-मागे आहे ते) तपासा, आणि प्रवाहाची प्रत्यक्ष मोजणी हातात नसेल तर गाळावर निष्कर्ष लिहू नका. परीक्षक हे विचारतातच.

काठाची जागा इथेच महत्त्वाची ठरते. खारफुटी आणि चिखलपट्ट्या भरतीचं पाणी साठवतात, त्यामुळे भरती सावकाश चढते आणि ओहोटी मुख्य पात्रातून कमी वेळात, जोराने उतरते. त्यांच्यावर भराव पडला की कल उलटा, भरतीच्या बाजूने, जाऊ लागतो आणि बारीक गाळ आत सरकतो. गोव्यातली खाजनं, म्हणजे बांध घालून केलेली खाडीकाठची शेतं, हीसुद्धा मुळात भरतीपासून तोडलेली जमीनच आहे, फक्त शेकडो वर्षं जुनी. त्यामुळे बांध फुटलेलं खाजन म्हणजे भराव काढून टाकल्यासारखा आयता प्रयोग. त्यावर काम करायला फारसं कुणी पुढे येत नाही, याचं मला वाईट वाटतं.

मोजणी उधाणाला आणि भांगाला (भरती सगळ्यात कमी असते तेव्हा), दोन्ही वेळी करा. पावसाळा टाळून वर्षाचा गाळ सांगता येत नाही. नदीचा बराच गाळ जून ते सप्टेंबरमध्येच उतरतो. एकेकट्या कणाचं बुडण्याचं सूत्र चिकणमातीला लावू नका. खाऱ्या पाण्यात तिच्या गुठळ्या होतात आणि त्या कितीतरी लवकर तळाला जातात.

तयार सॉफ्टवेअरबद्दल माझं मत कडक आहे. नेदरलंड्समध्ये झाउडरझे हा समुद्राचा आत घुसलेला भाग १९३२ साली बांध घालून बंद झाला. त्याने बाहेरच्या समुद्रात भरती-ओहोटीतला फरक वाढेल, हे भौतिकशास्त्रज्ञ हेन्ड्रिक लॉरेन्ट्झ यांच्या समितीने आधीच हाताने गणित करून सांगितलं होतं, आणि तसंच झालं. म्हणजे भराव पडला की सगळीकडे प्रवाह कमीच होतो, हेही गृहीत धरू नका. आधी कागदावर आकडा काढा, मग मॉडेल चालवा.

गाइड निवडताना नावापेक्षा एक गोष्ट बघा: ते स्वतः होडीत बसतात का. बसत नसतील, तर तांडेलाला, म्हणजे होडीच्या म्होरक्याला, गुरू करा. बार कुठे सरकला हे त्याला पहिल्या पावसानंतरच कळतं. जुवारीकाठच्या चिखली गावात तिसऱ्या (शिंपले) वेचणाऱ्या बायका तळ कुठे मऊ झाला ते पायांनी सांगतात. त्यांचं बोलणं वहीत तारखेसह लिहून ठेवा.

पहिल्या हंगामाचे आकडे विस्कळीत आले तर घाबरू नका, सगळ्यांचे तसेच येतात. पाण्याचे नमुने ज्यांतून गाळले ते कागद नीट वाळवून, वजन करून, जपून ठेवा. नंतर गढूळपणाच्या सेन्सरचं गणित त्यांच्यावरच बसवायचं असतं, आणि त्या सेन्सरचं गणित दुसऱ्या नदीच्या गाळावर बसवलेलं असेल तर त्याचे आकडे वापरू नका.