नवं सिम मिळेना, कारण आपल्या नावावर भलतेच नंबर : माझा अनुभव

आईसाठी माझ्या नावावर सिम घ्यायला गेलो, तर दुकानदार म्हणाला, "मर्यादा संपलीय." एका व्यक्तीच्या नावावर ९ जोडण्या चालतात (जम्मू-काश्मीर, आसाम, ईशान्येत ६). माझ्या घरात तेवढे फोनही नाहीत!

कस्टमर केअरला विचारलं, तर "तो नंबर सांगा, मग बघतो." तोच तर माहीत नव्हता. कंपनीच्या गॅलरीतही (दुकानातही) हेच उत्तर. डोकं फिरलं होतं.

शेवटी काम झालं ते असं. सरकारच्या दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर 'Know Mobile Connections in Your Name' (आपल्या नावावरच्या जोडण्या जाणून घ्या) उघडलं. स्वतःचा नंबर, कॅप्चा, ओटीपी टाकला. नावावरचे नंबर दिसले, मधले आकडे झाकलेले. अनोळखी नंबरांवर टिक करून 'नॉट माय नंबर' निवडलं आणि रिपोर्ट केलं. इथे घाई नको: 'नॉट रिक्वायर्ड' हा पर्याय आपलाच पण नको असलेल्या नंबरासाठी असतो. आलेला संदर्भ क्रमांक जपून ठेवला, त्यावरूनच स्थिती तपासता येते. ते नंबर यादीतून गेल्यावर नवं सिम मिळालं.

दुसऱ्याच्या ओळखीवर फसवून सिम घेणं दूरसंचार कायदा, २०२३ नुसार गुन्हा आहे: ३ वर्षांपर्यंत कैद, ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या नावावरचे नंबरही आजच तपासा.